गाणें तेंच, वेळ निराळी

घरबसल्या गाणें ऐकण्याची सोय आज जितकी झाली आहे तितकी पूर्वीं कधींहि नव्हती. कळ दाबली कीं जगांतील कोणत्याहि गायकाचा आवाज दिवाणखान्यांत येऊन बसतो. आवडला नाहीं तर त्याला उठवून लावतां येतें; आवडला तर तेंच गाणें दहा वेळां ऐकतां येतें. असें असतांना माणसें तिकिटाचे पैसे खर्चून, थंडीवाऱ्यांतून लांबचा प्रवास करून, अनोळखी लोकांच्या गर्दींत दोन-तीन तास कां बसतात, हा प्रश्न कोणाहि विचारी माणसाला पडण्याजोगा आहे. आपल्याकडील गवयाच्या बैठकीपुरतें याचें उत्तर सोपें आहे. समोरच्या रसिकाची मान डोलते तशी रागाची बढत बदलते, आणि आजची बैठक कालच्यासारखी होत नाहीं. पण जिचें गाणें बव्हंशीं यंत्रांतूनच निघतें, जिचे शब्द ठरलेले, सूर ठरलेले आणि पडद्यावरील चित्रेंहि आधीं तयार करून ठेवलेलीं, अशा गायिकेच्या कार्यक्रमाला समक्ष जाऊन बसण्यांत विशेष तें काय? अमेरिकेंतील लॉरी अँडर्सन या कलावतीच्या उदाहरणानें या प्रश्नाचें उत्तर शोधतां येतें. आणि शिकागो शहरांतील एका संध्याकाळमुळें तें उत्तर अधिकच स्पष्ट होतें.

आधीं दोन-तीन शब्दांचा खुलासा केला पाहिजे. ज्याला ‘पॉप’ संगीत म्हणतात तें पाश्चात्यांचें लोकप्रिय संगीत होय. तीन-चार मिनिटांचें गाणें, चटकन् ओठांवर बसणारें ध्रुपद आणि बहुधा प्रेमाचा विषय, हा त्याचा नेहमींचा सांचा. प्रायोगिक कलावंत हा सांचा मोडतो. तो नवें वाद्य बनवितो, गाण्याची लांबी वाढवितो, गाण्याच्या जागीं बोलणें आणतो, आणि याला संगीत म्हणावें काय असा प्रश्न ऐकणाराच्या मनांत उभा करतो. राजकारणाकडे लक्ष असणारा कलावंत आणि एखाद्या पक्षाचा प्रचारक यांत मात्र गल्लत होतां कामा नये. घोषणांना चाल लावणें सोपें असतें. तसलीं गाणीं निवडणुकीबरोबर जन्मतात आणि निवडणुकीबरोबरच विसरलीं जातात. राज्यसत्ता, सैन्य, पैसा आणि यंत्र हीं सामान्य माणसाच्या घरांत कशीं शिरतात, त्याच्या रोजच्या बोलण्यांत कोणाचा आवाज ऐकूं येतो, हें जो उघड करून दाखवितो त्याची कला खऱ्या अर्थानें राजकीय होय. लोकप्रियता, प्रयोग आणि ही राजकीय दृष्टि हीं तिन्ही एकाच ठिकाणीं सांपडणें दुर्मिळ आहे. अँडर्सनबाईंच्या कामांत तीं सांपडतात.

बाईंचा जन्म ५ जून १९४७ रोजीं इलिनॉय संस्थानांतील ग्लेन एलिन या गांवीं झाला. हें गांव शिकागोच्या पश्चिमेस, त्या शहराच्या छायेंतच वसलेलें आहे. अमेरिकेच्या या मध्य-पश्चिम भागांत मक्याचीं अफाट शेतें आहेत, आगगाड्यांचें जाळें आहे, कारखाने आहेत, आणि मिशिगन सरोवराच्या कांठीं शिकागो हें महानगर आहे. बाई लहानपणीं व्हायोलिन शिकल्या आणि शिकागोच्या तरुण वादकांच्या वाद्यवृंदांत वाजवूं लागल्या. पुढें त्या न्यूयॉर्कला गेल्या. तेथें १९६९ मध्यें त्यांनीं कलेच्या इतिहासांत पदवी घेतली आणि १९७२ मध्यें कोलंबिया विश्वविद्यालयांतून शिल्पकलेची उच्च पदवी मिळविली. शिल्पकलेच्या शिक्षणानें त्यांच्या संगीताला एक वळण लागलें. शिल्पकार वस्तु हातांत घेऊन ती कशाची बनली आहे, कोठें मोडते, कोठें वांकते, हें पाहतो. बाईंनीं आवाजाकडे, शब्दाकडे आणि वाद्याकडे याच दृष्टीनें पाहिलें.

१९७४-७५ च्या सुमारास त्यांनीं न्यूयॉर्क आणि इटलींतील जिनोवा या शहरांत भर रस्त्यावर एक प्रयोग केला. बर्फावरून घसरत जाण्यासाठीं पात्यांचे बूट असतात. ते बर्फाच्या लाद्यांत गोठवून बाई त्यांत पाय घालून उभ्या राहत आणि व्हायोलिन वाजवीत. व्हायोलिनच्या पोटांत ध्वनिक्षेपक बसविलेला असे. त्यांतून आधीं मुद्रित केलेले सूर निघत आणि बाई त्यांच्याशीं जुगलबंदी करीत. कार्यक्रम किती वेळ चालावयाचा हें घड्याळ ठरवीत नसे. बर्फ वितळून तोल जाऊं लागला म्हणजे कार्यक्रम संपे. हा प्रकार पाहून येणाराजाणारा हंसला तर नवल नाहीं; पण त्या हंसण्यामागें एक विचार आहे. मुद्रित सुरांना अंत नसतो, माणसाच्या उभें राहण्याला असतो. यंत्र आणि माणूस यांच्यांतील हा भेद बाईंनीं व्याख्यान न देतां, पाण्याच्या थारोळ्यांत उभें राहून दाखविला.

१९७७ मध्यें त्यांनीं एक निराळेंच व्हायोलिन तयार केलें. व्हायोलिनच्या गजाला घोड्याचे केस लावलेले असतात. ते काढून त्या जागीं बाईंनीं ध्वनिमुद्रणाची चुंबकीय फीत ताणून बसविली. आणि ज्या घोडीवरून तारा जातात त्या घोडीवर, फितींतील आवाज वाचणारें चुंबकीय यंत्र बसविलें. फितीवर माणसानें बोललेले शब्द असत. गज एका दिशेनें ओढला कीं शब्द सुलटा वाजे, उलट दिशेनें नेला कीं उलटा. गज हळू चालविला म्हणजे आवाज खर्जांत उतरे, जलद चालविला म्हणजे टिपेला जाई. कांहीं शब्द उलटे वाजविले असतां त्यांतून दुसराच शब्द ऐकूं येतो. या चमत्काराचा बाईंनीं चांगला उपयोग करून घेतला. तबकडीवर हें ऐकणाराला गंमत वाटेल, परंतु आवाज कोठून येतो याचा त्याला पत्ता लागणार नाहीं. समोर बसलेल्या प्रेक्षकाला मात्र स्पष्ट दिसतें कीं माणसाचा शब्द एका हाताच्या हालचालीनें उलटा होतो, लांबतो, तुटतो. एकदां तोंडांतून निघालेला शब्द यंत्राच्या स्वाधीन झाला म्हणजे त्याचा अर्थ कोण ठरवितो, हा वर्तमानपत्रें आणि नभोवाणी यांच्या युगांतला मोठा प्रश्न तेथें डोळ्यांना दिसतो.

बाईंचें नांव जगभर झालें तें १९८१ सालच्या ‘ओ सुपरमॅन’ या गाण्यानें. त्याच्या मागची हकीकत समजून घेतल्यावांचून त्याचें मर्म कळणार नाहीं. ४ नोव्हेंबर १९७९ रोजीं तेहरान येथील अमेरिकन वकिलातीचा इराणी विद्यार्थ्यांनीं ताबा घेतला आणि पुढें ५२ अमेरिकन माणसें ४४४ दिवस ओलीस राहिलीं. एप्रिल १९८० मध्यें त्यांना सोडवून आणण्यासाठीं अमेरिकेनें गुप्त लष्करी मोहीम काढली. आठ हेलिकॉप्टरें निघालीं. वाळूचीं वादळें आणि यांत्रिक बिघाड यांमुळें पुरेशीं हेलिकॉप्टरें कामाचीं उरलीं नाहींत. मोहीम सोडून देण्याचें ठरलें. आणि परततांना एक हेलिकॉप्टर आपल्याच मालवाहू विमानावर आदळून आठ सैनिक मरण पावले. जगांतील अत्यंत प्रगत यंत्रसामुग्री वाळवंटांतील धुळीपुढें हरली. बाईंच्या गाण्याला विषय मिळाला तो येथून.

गाण्याचा सांगाडा त्यांनीं जुन्या संगीतांतून घेतला. मास्ने या फ्रेंच संगीतकाराच्या १८८५ सालच्या ‘ल सिद’ या संगीतिकेंत, लढाईच्या आदल्या रात्रीं एक योद्धा परमेश्वराला राजा, न्यायाधीश आणि पिता या नात्यांनीं आळवितो. बाईंनीं ती आळवणी उचलली आणि परमेश्वराच्या जागीं चित्रकथांतील महाबली सुपरमॅन आणून बसविला. गाणें आठ मिनिटांहून लांब आहे. ‘हा’ हा एकच उच्चार, श्वासासारखा, आरंभापासून अखेरपर्यंत सारख्या अंतरानें वाजत राहतो. त्याच्यावर वाद्यांची फारशी गर्दी नाहीं. विषय वरवर पाहतां अगदीं घरगुती आहे. घरीं कोणी नसतांना टेलिफोनवरील निरोप टिपून ठेवणारें यंत्र असतें. त्यावर आधीं आईचा निरोप येतो आणि मग एक अनोळखी आवाज बोलूं लागतो. हळूहळू ऐकणाराच्या ध्यानांत येतें कीं बोलणारी आई आहे कीं देश आहे, हात पुढें केला आहे तो मायेचा आहे कीं लष्कराचा आहे, हें आतां वेगळें करून सांगतां येत नाहीं. विमानांचा उल्लेख येतो, आणि अंगावर कांटा उभा राहतो.

ज्या यंत्रांतून बाईंचा आवाज या गाण्यांत येतो त्याला व्होकोडर म्हणतात. बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेंत होमर डडली या संशोधकानें १९३० नंतरच्या दशकांत तें सिद्ध केलें. माणूस बोलत असतांना त्याच्या आवाजाच्या उंचसखल पट्ट्यांतील जोर क्षणोक्षणीं कसा बदलतो हें तें मोजतें आणि तें माप दुसऱ्या एखाद्या ध्वनीवर चढवितें. म्हणजे शब्द माणसाचे राहतात आणि स्वर वाद्याचा होतो. दुसऱ्या महायुद्धांत दोस्तराष्ट्रांची गुप्त टेलिफोन-यंत्रणा याच तत्त्वावर उभारलेली होती. तेव्हां युद्धाविषयीं बोलण्यासाठीं बाईंनीं जें यंत्र निवडलें त्याच्या स्वतःच्या इतिहासांतच युद्ध होतें.

हें गाणें लोकांपर्यंत पोंचविलें तें नभोवाणीनें. न्यूयॉर्कच्या एका लहानशा कंपनीनें तबकडीच्या प्रथम १००० प्रतीच काढल्या होत्या. बी.बी.सी.वरील जॉन पील या निवेदकानें ती आपल्या कार्यक्रमांत लावली, आणि ब्रिटनमधून ८०,००० प्रतींची मागणी आली. बाईंना मोठ्या कंपनीशीं करार करावा लागला. आणि ऑक्टोबर १९८१ मध्यें हें आठ मिनिटांचें विलक्षण गाणें ब्रिटनमधील खपाच्या यादींत दुसऱ्या क्रमांकावर जाऊन बसलें. लोकांना कठीण कांहीं नको असतें असें म्हणणारांनीं हा दाखला ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

मग नभोवाणीनें आणि तबकडीनें इतकें केलें असतां सभागृहांत जाण्याचें प्रयोजन काय उरतें? एक उदाहरण पुरेसें होईल. बाईंच्या कार्यक्रमांत पुष्कळदां एका पुरुषाचा जड, भारदस्त आवाज ऐकूं येतो. तो कधीं एखाद्या कंपनीच्या चालकासारखा, कधीं पुढाऱ्यासारखा, कधीं सर्व कांहीं ठाऊक असलेल्या तज्ज्ञासारखा बोलतो. बाईंनीं त्याला ‘अधिकाराचा आवाज’ असें नांव दिलें आहे. घरीं ऐकणाराला वाटतें, दुसरा कोणी गृहस्थ बोलत असेल. सभागृहांतील प्रेक्षक पाहतो तों आखूड केसांची, लहान चणीची एक स्त्री ध्वनिग्राहकासमोर उभी आहे. ओंठ तिचे हलतात आणि आवाज पुरुषाचा येतो. आवाजाची पट्टी खालीं उतरविणारें एक यंत्र मध्यें आहे, एवढाच काय तो फरक. तें बंद केलें कीं तेंच वाक्य त्याच स्त्रीच्या साध्या आवाजांत ऐकूं येतें आणि त्यांतला सगळा दरारा नाहींसा होतो. दरारा शब्दांत नव्हता, ज्ञानांत नव्हता. तो खर्जांत होता. अधिकार हा पुष्कळदां पांघरलेला आवाज असतो, हें सांगावयास एखाद्या पंडिताला शंभर पानें लागलीं असतीं. येथें तें एका क्षणांत डोळ्यांना आणि कानांना मिळून कळतें. एकट्या कानाला तें कळत नाहीं.

मराठी माणसाला ही रीत अगदींच परकी वाटूं नये. नाथांच्या भारुडांत वासुदेव, जोशी, मुका, बहिरा अशीं सोंगें येतात, आणि उघड बोलून जें पटत नाहीं तें सोंगाच्या तोंडून पटतें. कीर्तनकार एकटाच उभा राहून कथा सांगतो, मध्येंच पद म्हणतो, मध्येंच चालू काळावर टोला हाणतो आणि पुन्हां आख्यानाकडे वळतो. अँडर्सनबाईंच्या कार्यक्रमाची घडण अशीच गोष्ट, गाणें, चित्र आणि टोला यांची आहे. फेब्रुवारी १९८३ मध्यें न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत त्यांनीं ‘युनायटेड स्टेट्स’ हा प्रयोग केला. तो दोन रात्रीं मिळून सुमारें आठ तास चालला. वाहतूक, राजकारण, पैसा आणि प्रेम असे त्याचे चार भाग होते. आपल्याच देशाचें इतकें लांबलचक आख्यान लावणारी ही कीर्तनकारीण शिव्याहि देत नाहीं आणि आरतीहि ओंवाळीत नाहीं. ती सावकाश, थांबत थांबत, जणूं एखाद्या शेजारणीशीं बोलावें तसें बोलते. त्या थांबण्यांतच ऐकणाराला विचार करण्यास जागा मिळते.

आतां शिकागोची ती संध्याकाळ. शिकागो आणि ११ सप्टेंबर हीं दोन नांवें एकत्र आलीं कीं भारतीय माणसाला १८९३ सालची सर्वधर्मपरिषद आठवते. स्वामी विवेकानंदांचें तेथील पहिलें भाषण त्याच तारखेस झालें. त्यानंतर १०८ वर्षांनीं, मंगळवार ११ सप्टेंबर २००१ रोजीं, सकाळीं अमेरिकेंत चार प्रवासी विमानें पळविण्यांत आलीं. दोन न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्राच्या जुळ्या मनोऱ्यांवर आदळलीं, तिसरें वॉशिंग्टनजवळील पेंटॅगॉन या लष्करी कचेरीवर पडलें, आणि चौथें पेनसिल्व्हेनियांत कोसळलें. सुमारें ३००० निरपराध माणसें प्राणास मुकलीं. देशावरील सारीं विमानें खालीं उतरविण्यांत आलीं. शिकागोंत, त्या वेळीं सिअर्स टॉवर या नांवानें ओळखली जाणारी ११० मजल्यांची इमारत रिकामी करण्यांत आली. ज्या शहराच्या आकाशांत रात्रंदिवस विमानांची वर्दळ असते तें आकाश निःशब्द झालें.

अँडर्सनबाई त्या दिवशीं दौऱ्यानिमित्त शिकागोंत होत्या. त्यांचें स्वतःचें बिऱ्हाड आणि कामाची जागा न्यूयॉर्कच्या मॅनहटन बेटाच्या दक्षिण भागांत, म्हणजे पडलेल्या मनोऱ्यांपासून फारशी दूर नव्हती. संध्याकाळीं त्यांचा कार्यक्रम ठरलेला होता. तो त्यांनीं रद्द केला नाहीं.

हें योग्य झालें काय? दुखवट्याच्या दिवशीं गाणें-बजावणें करूं नये ही रीत केवळ आपल्याकडेच आहे असें नाहीं. परंतु या रीतीचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. राष्ट्रीय दुखवट्याच्या काळांत आपल्या नभोवाणीवर करमणुकीचे कार्यक्रम थांबतात, संगीत थांबत नाहीं. उलट सतार-सारंगीचे गंभीर सूर तासन् तास ऐकूं येतात. म्हणजे अशा वेळीं वर्ज्य असते ती करमणूक. दुःखाच्या घरीं शेजारी जमतात ते दुःख विसरविण्यासाठीं जमत नाहींत, तर एकट्यानें तें सोसावें लागूं नये म्हणून जमतात. ज्या दिवशीं प्रत्येक माणूस आपापल्या घरीं दूरचित्रवाणीसमोर बसून तींच भयंकर चित्रें पुनः पुन्हां पाहत होता, त्या दिवशीं एका खोलींत माणसांनीं माणसांशेजारीं बसावें, आणि देश, यंत्र व भीति यांविषयीं वीस वर्षें विचार केलेल्या एका स्त्रीचें बोलणें ऐकावें, यांत औचित्याचा भंग दिसत नाहीं. धोका मात्र होता. एखादा विनोद, एखादा उपरोध त्या दिवशीं जखमेवर मिठासारखा लागला असता. आधीं तयार करून ठेवलेल्या कार्यक्रमांतील कोणतें वाक्य आज म्हणावें, कोणतें गिळावें, कोठें अधिक वेळ थांबावें, याचा निर्णय कोणतेंहि यंत्र घेऊं शकत नाहीं. तो समोरच्या माणसांकडे पाहूनच घ्यावा लागतो. यंत्रांतून गाणाऱ्या कलावतीच्या कार्यक्रमाला समक्ष जाण्याचें खरें प्रयोजन येथें दिसतें.

त्याच आठवड्यांत नभोवाणीच्या जगांत काय घडलें हेंहि तुलनेसाठीं पाहण्याजोगें आहे. अमेरिकेंत त्या वेळीं क्लिअर चॅनल या एकाच कंपनीच्या मालकीचीं हजाराहून अधिक नभोवाणी-केंद्रें होतीं. या केंद्रांमध्यें एक यादी फिरविण्यांत आली. लोकांच्या भावना दुखावूं शकतील अशीं सुमारें १६० गाणीं तींत होतीं. तीं लावूं नयेत असा सक्तीचा हुकूम नव्हता, सूचना होती. आणि कित्येक केंद्रांनीं ती मानलीहि नाहीं. यादींत विमानांचीं व आगीचीं गाणीं होतीं हें समजूं शकतें. परंतु जगांत शांतता नांदावी अशी इच्छा करणारें जॉन लेननचें ‘इमॅजिन’ हें गाणेंहि तींत होतें. ही सूचना करणारांचा हेतु वाईट होता असें म्हणण्याचें कारण नाहीं. ज्या श्रोत्याचा चेहरा दिसत नाहीं त्याच्याशीं बोलणाराला सावधपणा बाळगावा लागतो. आणि सावधपणा अतिरेकाला गेला कीं कोणीच कांहीं बोलेनासें होतें. सभागृहांतील कलावंताला चेहरे दिसतात, म्हणून त्याला धीर करतां येतो.

शिकागोनंतर बाई आपल्या शहरीं आल्या आणि १९ व २० सप्टेंबर २००१ रोजीं न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्यें त्यांचे कार्यक्रम झाले. त्यांचें ध्वनिमुद्रण पुढल्या वर्षीं प्रसिद्ध झालें, तेव्हां तें आजहि ऐकतां येतें. त्यांत ‘ओ सुपरमॅन’ आहे. शब्द वीस वर्षांपूर्वींचेच आहेत. एकहि नवा घातलेला नाहीं. तोच श्वासासारखा उच्चार, तोच टेलिफोनवरील निरोप, तींच विमानें. परंतु बाहेर त्याच शहरांत ढिगारा अजून धुमसत होता. जें गाणें १९८१ मध्यें दूरच्या वाळवंटांतील फसलेल्या मोहिमेचें होतें तें २००१ मध्यें ऐकणाराच्या गल्लींतलें झालें.

कित्येकांनीं यावर म्हटलें कीं बाईंना भविष्य दिसलें होतें. ही स्तुति खरी मानली तर गाण्याचें महत्त्व वाढण्याऐवजीं कमीच होतें. भविष्य सांगणारा एकदां खरा ठरला कीं त्याचें काम संपतें. बाईंनीं सांगितलें होतें तें भविष्य नव्हतें, एक संबंध होता. मोठें राष्ट्र यंत्रांच्या बळावर सुरक्षित राहूं पाहतें. तीं यंत्रें कधीं वाळूंत रुततात, कधीं परक्याच्या हातीं पडतात. आणि भ्यालेला माणूस मायेच्या कुशींत जावें तसा बळाच्या कुशींत शिरतो. हा संबंध १९८० मध्यें होता आणि २००१ मध्येंहि होता, म्हणून गाणें दोन्ही वेळां खरें ठरलें. प्रसंग ओळखणारें गाणें प्रसंगाबरोबर जातें; संबंध ओळखणारें गाणें पुढील प्रसंगाची वाट पाहत थांबतें. पण त्याला अर्थ येण्यासाठीं दर वेळीं कोणीतरी तें माणसांसमोर उभें राहून म्हणावें लागतें.

समक्ष असण्याचा हा विचार बाईंनीं पुढें आणखी एका प्रयोगांत शेवटास नेला. ऑक्टोबर २०१५ मध्यें न्यूयॉर्कच्या पार्क ॲव्हेन्यूवरील जुन्या शस्त्रागाराच्या विशाल दालनांत त्यांनीं ‘हेबियस कॉर्पस’ या नांवाची कलाकृति मांडली. कैद्याला देहानिशीं न्यायालयासमोर हजर करा, अशा अर्थाच्या कायद्यांतील हुकुमाचें हें नांव आहे. महंमद अल् घरानी हा मुलगा २००१ मध्यें पाकिस्तानांत पकडला गेला आणि अमेरिकेच्या ग्वांतानामो येथील तुरुंगांत ठेवला गेला. तेव्हां तो अवघा चौदा वर्षांच्या आसपास होता. २००९ मध्यें अमेरिकन न्यायाधीशाच्या हुकुमानेंच तो सुटला. परंतु ग्वांतानामोंतून सुटलेल्यांना अमेरिकेंत पाऊल ठेवतां येत नसे. बाईंनीं दालनांत खुर्चीवर बसलेल्या माणसाचा एक प्रचंड पांढरा पुतळा उभारला, आणि पश्चिम आफ्रिकेंत त्या क्षणीं खुर्चीवर बसलेल्या घरानीचें चालतें-बोलतें चित्र विजेच्या साह्यानें त्यावर पाडलें. प्रेक्षक पुतळ्यासमोर येत आणि त्याच्याकडे पाहत. जो माणूस येऊं शकत नाहीं तो येथें आहे, आणि जो येथें आहे तो खरोखर येथें नाहीं. समक्ष हजर राहणें हें कोणाकोणाला मिळतें आणि कोणाला मिळूं दिलें जात नाहीं, हाच मुळीं राजकारणाचा प्रश्न आहे, असें यांतून दिसलें. ज्यांना तिकीट काढून सभागृहांत बसतां येतें त्यांनीं आपलें तें भाग्य हलकें समजूं नये.

अशा कलेवर दोन आक्षेप नेहमीं घेतले जातात. पहिला हा कीं, ही यंत्रांची हातचलाखी आहे, यांत तालीम नाहीं, गळा नाहीं. गळा या कलेचा प्राण नाहीं हें मान्यच करावें लागेल. ज्याला ताना ऐकावयाच्या असतील त्यानें दुसरीकडे जावें. परंतु यंत्राकडून काम करून घेणारे पुष्कळ असतात आणि यंत्राचें पितळ उघडें पाडणारे थोडे. बाई दुसऱ्या वर्गांतील आहेत. दुसरा आक्षेप असा कीं, राजकारणानें कला बिघडते. ती बिघडते हें अनेकदां खरें आहे. पण बिघडते ती उत्तर आधीं ठरवून श्रोत्यावर लादल्यामुळें. बाईंच्या कार्यक्रमांतून बाहेर पडणारा माणूस कोणाला मत द्यावें हें ठरवून निघत नाहीं. आपण दररोज ज्या आवाजांचें ऐकतों ते आवाज कोणाचे आहेत, एवढा एक प्रश्न घेऊन तो निघतो.

ज्यांच्या गांवांत असा कलावंत येईल त्यांनीं जातांना थोडी तयारी केली तर आनंद वाढेल. मुद्रित गाणीं आधीं ऐकून ठेवावींत, म्हणजे समक्ष ऐकतांना काय बदललें तें कळतें. आवाज कोठून येतो, हात काय करतात, कलावंत कोठें थांबतो, इकडे लक्ष ठेवावें. हातांतील यंत्रावर चित्र टिपून घेण्याचा मोह आवरावा. जें टिपतां येतें तें घरींहि मिळतें, आणि जें मिळत नाहीं त्यासाठीं तर येथें आलों. शेजारीं बसलेला अनोळखी माणूस कोठें हंसला आणि कोठें गप्प झाला हेंहि पाहावें, कारण तोहि त्या कार्यक्रमाचा एक भाग असतो.

नभोवाणीनें एक गाणें लाखो घरांत पोंचविलें, हें तिचें मोठेंच काम झालें. पण त्या लाखो घरांतील माणसें एकमेकांस दिसलीं नाहींत. शिकागोच्या त्या सभागृहांत थोडींच माणसें होतीं आणि तीं एकमेकांस दिसत होतीं. संकटाच्या दिवशीं कोणत्या गोष्टीची किंमत अधिक, हें ज्याचें त्यानें ठरवावें; मात्र दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि एक मिळाली म्हणून दुसरीची गरज संपत नाहीं, एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुरे.